गोळी केव्हा थांबवावी? : एका वैद्यकीय प्रश्नाची शंभर वर्षे

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे हर्नियाचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन ठरते. तपासण्या होतात, तारीख मिळते, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की, ही व्यक्ती गेली काही वर्षे ‘रक्त पातळ करणारी’ गोळी घेत आहे. गोळी चालू ठेवली तर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त थांबणार नाही अशी धास्ती. बंद केली तर हृदयात गुठळी धरून पक्षाघात होईल ही भीती. घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो आठ दिवस आधी बंद करा, कोणी म्हणतो गोळीला हातच लावू नका. वरवर पाहता हा वैद्यकातील एक किरकोळ तपशील वाटतो. परंतु या प्रश्नाला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आम्हांला केवळ वैद्यकाचा इतिहास वाटत नाही. सुज्ञ आणि सद्हेतू असलेल्या माणसांनी तर्काने ठरविलेली एखादी रीत वर्षानुवर्षे कशी चालत राहते, आणि ती तपासून पाहण्याचे धैर्य यावयास किती काळ जावा लागतो, याचा तो एक बोलका दाखला आहे. त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

कुजक्या चाऱ्याचे कोडे

१९२० च्या दशकाच्या प्रारंभी कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशांत गुराढोरांवर एक विलक्षण आपत्ती कोसळली. धडधाकट दिसणारी जनावरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. संसर्गाची कोणतीही खूण सापडत नव्हती. रोगाचे खरे स्वरूप उघडकीस येई ते बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळी. शिंगे कापणे, खोंडांचे खच्चीकरण करणे ही पशुपालकांची नित्याची कामे. पण ती करताना झालेली जखम वाहतच राही आणि रक्त गोठण्याचे नाव घेत नसे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रक्त न गोठू देणारे द्रव्य आणि सुरी यांची गाठ पडली की काय होते, हा प्रश्न त्या द्रव्याला नाव मिळण्याच्याही आधीपासून उभा होता.

ऑन्टॅरिओ येथील पशुवैद्यक महाविद्यालयातील फ्रँक स्कोफील्ड यांनी या कोड्याचा पहिला उलगडा केला. हे स्कोफील्ड म्हणजे १९१९ साली कोरियातील स्वातंत्र्य आंदोलनाची व त्यावर झालेल्या अत्याचारांची छायाचित्रे जगापुढे आणणारे मिशनरी. कोरियात आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मायदेशी परतल्यावर त्यांनी या आजारी गुरांचा शोध घेतला आणि दोष चाऱ्यात असल्याचे दाखविले. स्वीट क्लोव्हर नावाची, आपल्याकडील लसूणघासाच्या कुळातली, एक वनस्पती तेथे चाऱ्यासाठी लावीत. वाळविताना ती ओली राहिली आणि तिच्यावर बुरशी आली की ती विषारी होई. त्याच गंजीतील चांगला चारा खाणारा ससा जगे. बुरशीचा चारा खाणारा मरे. पुढे नॉर्थ डकोटातील रॉडरिक यांनी दाखवून दिले की, अशा जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्यास आवश्यक असलेला घटक कमी पडतो.

उपाय साधा होता. चारा बदलावयाचा, आणि जनावर फारच खालावले असेल तर निरोगी जनावराचे रक्त त्याला द्यावयाचे. यातही एक बारकावा होता. विषारी चारा पोटात जाताच रक्तस्राव सुरू होत नसे. काही दिवस, कधी काही आठवडे जात. चारा बंद केल्यावर रक्त पूर्वपदावर येण्यासही तसाच अवधी लागे. हा अवधी हाच पुढच्या सगळ्या कथेचा गाभा आहे.

गोठ्यातून औषधालयात

फेब्रुवारी १९३३ मध्ये, भर हिमवादळात, विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी सुमारे १९० मैलांचा प्रवास करून मॅडिसन येथे आला. त्याच्या गाडीत मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची कॅन आणि सुमारे शंभर पौंड खराब चारा होता. तो दिवस सुटीचा. सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद. फिरत फिरत तो विद्यापीठातील जीवरसायन विभागात पोहोचला, तेथे कार्ल पॉल लिंक काम करीत होते. चारा टाकून द्या आणि जनावरांना रक्त द्या, याखेरीज लिंक त्याला काही सांगू शकले नाहीत. मंदीच्या त्या दिवसांत चारा टाकून देणे त्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. तो निघून गेला. कॅनमधील रक्त मात्र प्रयोगशाळेतच राहिले. पुढे लिंक यांनी स्वतःच ही हकिकत सविस्तर लिहून ठेवली आहे.

विषारी द्रव्य शोधण्यास सहा वर्षे लागली. जून १९३९ मध्ये लिंक यांचे सहकारी हॅरल्ड कॅम्पबेल यांना त्याचे शुद्ध स्फटिक मिळाले आणि १९४० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. ताज्या कापलेल्या गवताला येणारा गोड वास कूमरिन या द्रव्याचा असतो. बुरशी त्या निरुपद्रवी कूमरिनचे रूपांतर डायकूमरॉल या घातक द्रव्यात करीत होती. त्याच सुमारास डेन्मार्कमधील हेन्रिक डाम यांनी रक्त गोठण्यासाठी लागणारे ‘के’ जीवनसत्त्व शोधून काढले होते. डायकूमरॉल या जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते आणि ते जीवनसत्त्व भरपूर दिल्यास विषाचा परिणाम ओसरतो, हेही लवकरच ध्यानात आले. विषाबरोबर उतारा हाती आला, आणि त्यामुळेच विषाचे औषध होणे शक्य झाले. १९४१ पासून डायकूमरॉल रुग्णांना दिले जाऊ लागले.

लिंक यांच्या प्रयोगशाळेने या कुळातील अनेक संयुगे तयार केली. त्यांतील एक अधिक प्रभावी संयुग १९४८ साली बाजारात आले ते उंदीर मारण्याचे विष म्हणून. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे आणि कूमरिन या नावाचे शेपूट जोडून त्याचे नाव ठेवले वॉरफरिन. १९५१ साली अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एकाने हे विष अनेक दिवस घेऊन आत्महत्येचा प्रयत्न केला, पण रक्त व ‘के’ जीवनसत्त्व देऊन त्याला वाचविता आले. माणसालाही हे द्रव्य बेतशीर प्रमाणात देता येईल, हा विश्वास या घटनेने बळावला. १९५४ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्या उपचारांतही वॉरफरिन होते. उंदराचे विष राष्ट्राध्यक्षाला चालते, तर इतरांनी त्याला का भ्यावे?

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा रूढ शब्दप्रयोग शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही. वॉरफरिनने रक्त पाण्यासारखे होत नाही. रक्त गोठविणारे काही घटक यकृतात तयार होतात. ते कार्यक्षम होण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते, आणि वॉरफरिन नेमके तेथे आडवे येते. आधी तयार झालेले घटक संपेपर्यंत गोळीचा परिणाम दिसत नाही, आणि गोळी थांबविल्यावर नवे घटक तयार होईपर्यंत तो जातही नाही. गोठ्यातील गुरांमध्ये जे दिसले होते, तेच येथे.

थरथरणारे हृदय

हे औषध नेमके कोणाला लागते? त्यासाठी हृदयाच्या एका विकाराकडे वळावयास हवे. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, मरणासन्न प्राण्याच्या हृदयाचे वरचे कप्पे अखेरपर्यंत थरथरत राहतात, असे निरीक्षण नोंदविले होते. अत्यंत अनियमित नाडी वैद्यांना शतकानुशतके परिचित होती. परंतु ही नाडी आणि ती थरथर यांचा संबंध जुळला तो विसाव्या शतकात, विद्युत्-हृदयालेखाच्या साहाय्याने. लायडन येथील आइन्थोव्हेन यांच्या यंत्रामुळे हृदयातील विद्युतप्रवाहाचा आलेख काढता येऊ लागला, आणि १९०९ मध्ये लंडनचे टॉमस लुइस व व्हिएन्नाचे रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनी या अनियमित नाडीचे मूळ वरच्या कप्प्यांच्या कंपनात असल्याचे दाखविले. हाच एट्रियल फिब्रिलेशन हा विकार.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. डाव्या अलिंदाला पिशवीसारखा एक लहानसा कोपरा असतो. तेथे रक्त साचून राहते आणि साचलेल्या रक्तात गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकली की पक्षाघात. गुठळी एका जागी जन्मते आणि वाहत जाऊन दुसऱ्या जागी अनर्थ करते, हे तत्त्व बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सिद्ध केले होते.

तरीही ज्यांच्या हृदयाच्या झडपा संधिज्वराने बिघडल्या आहेत, त्यांनाच या विकाराचा धोका आहे, असा समज दीर्घकाळ होता. झडपा चांगल्या असलेल्या वृद्धांची अनियमित नाडी म्हणजे वयोमानाचा भाग, असे मानीत. हा समज दूर केला फ्रॅमिंगहॅम या अमेरिकेतील गावाने. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची प्रकृती १९४८ पासून सातत्याने नोंदविली जात होती. त्या नोंदींवरून १९७८ मध्ये असे दिसून आले की, एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांमध्ये, झडपा निरोगी असल्या तरी, पक्षाघाताचे प्रमाण पाचपटींहून अधिक असते. संधिज्वराने झडपा बिघडलेल्यांत ते सतरापटींपर्यंत जाते. पुढे १९८९ ते १९९२ या काळात डेन्मार्क, अमेरिका व कॅनडा येथे एकामागून एक चाचण्या झाल्या आणि वॉरफरिनमुळे हा धोका जवळपास दोन-तृतीयांशाने कमी होतो हे निर्विवाद ठरले.

एक व्यावहारिक अडचणही तोवर सुटली होती. वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त गोठण्यास किती वेळ लागतो, हे मोजण्याची पद्धत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये घालून दिली होती. पण तिला लागणारे रसायन प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळ्या प्रतीचे असल्याने एकाच रक्ताचे निकाल गावोगावी निराळे येत. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे समान परिमाण स्वीकारले. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णात हा आकडा साधारणपणे २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. आता एका गावच्या डॉक्टराचा आकडा दुसऱ्या गावच्या डॉक्टराला कळू लागला.

सेतू बांधण्याची रीत

१९९० नंतर अशा प्रकारे लक्षावधी वृद्ध माणसे आयुष्यभरासाठी वॉरफरिन घेऊ लागली. माणूस वृद्ध झाला की त्याला मोतीबिंदू होतो, दात काढावे लागतात, प्रोस्टेट वाढते, खुबा मोडतो. गोळीचे करावयाचे काय, हा प्रश्न आता रोजचाच झाला.

वॉरफरिन थांबविल्यावर रक्त पूर्वपदावर यावयास साधारण पाच दिवस लागतात. शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा सुरू केले तरी पूर्ण परिणाम होण्यास आणखी पाच-सहा दिवस जातात. म्हणजे जवळपास दहा दिवस रुग्ण निराधार. या खिंडारात काय ठेवावे? उत्तर तयारच होते. हेपारिन हे रक्त न गोठू देणारे दुसरे औषध बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली विद्यार्थिदशेतील जे मॅक्लीन यांच्या कामातून पुढे आले होते. ते टोचून द्यावे लागते, तात्काळ लागू पडते आणि काही तासांतच ओसरते. तेव्हा वॉरफरिन थांबवावे, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत हेपारिन द्यावे, नंतर ते पुन्हा सुरू करून वॉरफरिनचा परिणाम होईतो चालू ठेवावे. या पद्धतीला ‘ब्रिजिंग’, म्हणजे सेतू बांधणे, असे नाव पडले.

आरंभी हेपारिन शिरेतून सतत द्यावे लागे आणि त्यासाठी रुग्णाला काही दिवस आधीच रुग्णालयात दाखल व्हावे लागे. त्वचेखाली टोचता येणारी हेपारिनची सुधारित रूपे आल्यावर ही अडचणही उरली नाही. घरच्या घरी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घेता येऊ लागले आणि सेतूची रीत सर्वत्र पसरली.

या रीतीमागील तर्क किती स्वच्छ होता हे पाहण्यासारखे आहे. गोळीमुळे पक्षाघात टळतो. गोळी थांबली की संरक्षण जाते. म्हणून दुसरे संरक्षण द्यावे. यात खोट काढावी तरी कोठे? शिवाय डॉक्टराच्या मनातील भीती एकाच बाजूला झुकलेली होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला रक्तस्राव झाला तर टाके घालता येतात, रक्त देता येते. पण पक्षाघात झाला आणि आपण हेपारिन दिले नव्हते, तर त्या कुटुंबाला तोंड कसे दाखवावे? एका अनर्थाची कल्पना डोळ्यांपुढे ठसठशीत उभी राहते, दुसरा मात्र ‘शस्त्रक्रियेत असे होतेच’ या सदरात जमा होतो. रूढी बहुधा अशाच जन्मतात.

शंका घेणारे कोणीच नव्हते असे नाही. कॅनडातील हॅमिल्टन येथील क्लाइव्ह कीरन व जॅक हर्श यांनी १९९७ मध्ये एका लेखात साधे गणित मांडले. त्याचा आशय आपण स्वतःच करून पाहू शकतो. औषधाविना वर्षाला शंभरांत पाच जणांना पक्षाघात होतो असे धरले, तर दहा दिवसांच्या वाट्याला येणारा धोका हजारात एक ते दोन इतकाच ठरतो. हा धोका कमी करण्यासाठी ताज्या जखमेवर हेपारिन द्यावयाचे, तर त्याने होणारा रक्तस्राव याहून कमी असेल कशावरून? बहुतेक रुग्णांना अशा हेपारिनची गरज नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. याला प्रत्युत्तर असे की, शस्त्रक्रियेमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, तेव्हा हे दिवस इतर दिवसांसारखे मोजता येणार नाहीत. हाही मुद्दा बिनबुडाचा नव्हता. दोन्ही बाजूंना तर्क होता, पुरावा कोणाकडेच नव्हता. २००८ मधील अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अधिक धोका असलेल्यांसाठी सेतूची शिफारस केली, पण पुरावा दुबळा असल्याची नोंदही तेथेच केली.

दाताच्या दवाखान्यात याच काळात निराळेच चित्र दिसत होते. मायकेल वाल या अमेरिकी दंतवैद्याने १९९८ मध्ये जुने अहवाल एकत्र करून दाखविले की, वॉरफरिन चालू ठेवून दात काढलेल्या बहुसंख्य रुग्णांचा रक्तस्राव स्थानिक उपायांनी थांबतो. उलट दातासाठी वॉरफरिन बंद केलेल्यांपैकी काहींना गुठळ्या होऊन मृत्यू आला होता. म्हणजे ‘थांबवावे कसे’ या प्रश्नाच्या आधी ‘थांबवावे का’ हा प्रश्न विचारावयास हवा होता.

तर्काची परीक्षा

अखेर २००९ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे ‘ब्रिज’ याच नावाची चाचणी सुरू झाली. एट्रियल फिब्रिलेशनसाठी वॉरफरिन घेणाऱ्या आणि नियोजित शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या १,८८४ व्यक्ती तीत सहभागी झाल्या. सर्वांचे वॉरफरिन पाच दिवस आधी थांबविले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे अर्ध्यांना हेपारिनचा सेतू दिला. उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली इंजेक्शने दिली. कोणाला काय मिळत आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरालाही नाही.

या व्यक्तींनी कशाला संमती दिली, याचा क्षणभर विचार करावा. आपल्याला पक्षाघाताचा धोका आहे हे त्यांना माहीत होते. ज्या इंजेक्शनाने तो टळतो असे जग मानीत होते, ते आपल्याला मिळेल की निव्वळ कोरी सुई, हे न जाणता त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणे पत्करले. आज ज्यांना ही इंजेक्शने टोचून घ्यावी लागत नाहीत, त्यांच्यावर या अनोळखी माणसांचे ऋण आहे.

२०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेतू न मिळालेल्यांत रोहिणीतील गुठळीचे प्रमाण ०.४ टक्के आणि सेतू मिळालेल्यांत ०.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणावा इतका. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र अनुक्रमे १.३ आणि ३.२ टक्के. सेतूने संरक्षण वाढले नव्हते, रक्तस्राव दुपटीहून अधिक झाला होता. शस्त्रक्रियेच्या दिवसांत थोडा जादा धोका असतो, हे म्हणणारे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु तो धोका शस्त्रक्रियेचा प्रकार, रक्तदाबातील चढउतार अशा कारणांशी निगडित असावा, आणि त्यावर हेपारिन हा उपाय नव्हे, असे दिसले.

याच्या दोन वर्षे आधी, २०१३ मध्ये, कॅनडात झालेल्या एका चाचणीने आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. पेसमेकर बसविताना वॉरफरिन मुळीच न थांबविणे बरे, की थांबवून हेपारिनचा सेतू देणे बरे, हे ६८१ रुग्णांत तपासले गेले. यंत्र बसविलेल्या जागी रक्त साकळण्याची लक्षणीय तक्रार गोळी चालू ठेवलेल्यांत ३.५ टक्के, तर सेतू दिलेल्यांत १६ टक्के आढळली. जे अधिक धाडसाचे वाटत होते तेच अधिक सुरक्षित निघाले.

नवी औषधे, नवे अंतर

‘ब्रिज’ चाचणी चालू असतानाच औषधांची एक नवी पिढी आली. डाबिगॅट्रानची मोठी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. रिव्हरॉक्झाबॅन आणि अपिक्साबॅन यांच्या चाचण्या २०११ मध्ये आल्या. ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या वाटेला जात नाहीत. गोठण्याच्या साखळीतील एकेका कडीला ती थेट अडवितात. त्यामुळे ती काही तासांत लागू पडतात आणि एक-दोन दिवसांत ओसरतात. ज्या खिंडारासाठी सेतू बांधावयाचा, ते खिंडारच त्यांनी अरुंद केले.

ती किती दिवस थांबवावीत याचेही उत्तर अंदाजावर सोडले गेले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉज’ या अभ्यासात ३,००७ रुग्णांना एक सोपा नियम लावून पाहिला. रक्तस्रावाचा धोका कमी असलेली शस्त्रक्रिया असेल तर एक दिवस आधी गोळी बंद आणि दुसऱ्या दिवशी सुरू. धोका अधिक असेल तर दोन दिवस आधी बंद आणि दोन-तीन दिवसांनी सुरू. हेपारिन नाही. डाबिगॅट्रान मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड दुबळे असलेल्यांसाठी त्याचा अवधी वाढविला. या रीतीने गुठळीचे प्रमाण तिन्ही औषधांत एक टक्क्याहून कमी आणि मोठ्या रक्तस्रावाचे दोन टक्क्यांहून कमी राहिले. २०२२ मधील अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत, केवळ एट्रियल फिब्रिलेशनसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना हेपारिनचा सेतू देऊ नये, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

आपल्याकडील स्थिती

हे सगळे वाचून कोणी घाईने सरसकट निष्कर्ष काढू नये. ‘ब्रिज’ चाचणीत कृत्रिम धातूची झडप बसविलेले रुग्ण नव्हते, आणि नुकताच पक्षाघात झालेलेही नव्हते. अशांचा विचार आजही स्वतंत्रपणे करावा लागतो. भारताच्या संदर्भात तर हे विशेष महत्त्वाचे आहे. पाश्चात्त्य देशांतून संधिज्वर जवळपास हद्दपार झाला; आपल्याकडे तरुण वयातच त्याने झडपा आकुंचित झालेल्या व्यक्ती आजही मोठ्या संख्येने आढळतात. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींतील सतरापटींचा आकडा अशांचाच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, संधिज्वरजन्य हृदयविकार असलेल्यांना रिव्हरॉक्झाबॅनपेक्षा जुनी, ‘के’ जीवनसत्त्वाला अडविणारी औषधेच अधिक हितकर ठरली. नवे ते चांगलेच, असे येथे नाही.

आणखी एक बाब. भारतात वॉरफरिनइतकेच, किंबहुना अनेक ठिकाणी त्याहून अधिक, ॲसिनोकूमरॉल हे त्याच कुळातील औषध दिले जाते. त्याचा परिणाम वॉरफरिनपेक्षा लवकर ओसरतो. म्हणजे शेजाऱ्याला पाच दिवस सांगितले म्हणून आपणही पाच दिवस थांबावे, हा हिशेब चुकण्याचा संभव असतो. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ या एकाच नावाखाली निरनिराळी औषधे वावरतात. ॲस्पिरिनलाही लोक तेच म्हणतात, जरी तिचे कार्य सर्वस्वी निराळे असले. नावांचा हा गोंधळ भाषेच्या अभ्यासकांना नवा नाही. येथे मात्र त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून शस्त्रक्रिया ठरताच गोळीचे पाकीटच डॉक्टरांपुढे ठेवावे, ती कशासाठी सुरू झाली हे सांगावे, आणि चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत : थांबवावयाची का, केव्हा थांबवावयाची, मध्ये काही द्यावयाचे का, आणि पुन्हा केव्हा सुरू करावयाची. या चौथ्या प्रश्नाचा विसर पडू देऊ नये. शस्त्रक्रिया पार पडल्याच्या आनंदात गोळी सुरू करण्याचे राहून जाणे, हा सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात होय.

समारोप

स्कोफील्ड यांच्या सशांपासून ‘पॉज’ अभ्यासापर्यंतचा हा पल्ला पाहिला म्हणजे जाणवते की, रक्त गोठू न देण्याची विद्या माणसाला तुलनेने लवकर साधली. ती केव्हा आणि किती काळ आवरती घ्यावी, हे कळावयास फार वेळ लागला. चारा बंद केल्यावर जनावर किती दिवसांनी सावरते, हे १९२० च्या दशकातल्या शेतकऱ्यांनी अनुभवाने जाणले होते. नंतरच्या सुशिक्षित पिढ्यांनी त्या अवधीचीच धास्ती घेतली आणि तो कशाने तरी भरून काढण्याचा अट्टहास केला. काहीतरी करीत राहणे म्हणजे काळजी घेणे, ही समजूत वैद्यकात जशी आहे तशी आपल्या घराघरांतही आहे.

परंतु या इतिहासात दोषारोप करण्याजोगा कोणी खलपुरुष नाही. हेपारिन देणारे डॉक्टर रुग्णाचे हितच पाहत होते. त्यांचा तर्क शुद्ध होता, हेतू निर्मळ होता. केवळ प्रत्यक्ष पडताळा घ्यावयाचा राहिला होता. आणि तो पडताळा घेणारेही त्यांच्यातलेच होते. आपली रीत आपणच परीक्षेला बसविणे आणि ती अनुत्तीर्ण झाल्यावर सोडून देणे, हे कोणत्याही ज्ञानशाखेचे खरे वैभव आहे. १९९७ मध्ये मांडलेल्या गणिताला २०१५ मध्ये प्रत्यक्षाची जोड मिळाली. त्या अठरा वर्षांत किती जणांना विनाकारण रक्तस्राव सोसावा लागला असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्यांची आठवण ठेवूनच हा इतिहास वाचावयास हवा, असे आम्हांला वाटते.